"घरी व्यायाम करून घ्या" : फालिजच्या रुग्णाला एवढं वाक्य पुरतं का?

कुणी म्हणतं वारं गेलं, कुणी म्हणतं लकवा मारला, आपल्या घरांत फालिज म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर स्ट्रोक लिहिलेलं असतं. नाव कोणतंही घ्या, कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांत पुढची कहाणी बहुतेक सारखीच असते. पहिले आठ-दहा दिवस धावपळ, गाडी, मोठं हॉस्पिटल, सिटी स्कॅन, आखातातल्या मुलाला फोन, जमातीतून मदत. मग डिस्चार्ज होतो. हातात फाईल, गोळ्यांची पिशवी आणि एक वाक्य घेऊन माणूस घरी येतो : "घरी व्यायाम करून घ्या."

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. कारण हे वाक्य खरं किती आणि अपुरं किती, हे आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं आहे. त्यातून जे निघालं ते प्रत्येक घराने आणि प्रत्येक जमातीने समजून घ्यायला हवं.

वाचतात ते कसे जगतात?

आधी आजार किती मोठा आहे ते पाहू. मुंबईत 2005 आणि 2006 या दोन वर्षांत एका वॉर्डात घरोघरी नोंद ठेवून पाहणी झाली. दर एक लाख लोकांमागे वर्षाला सुमारे 145 जणांना पहिल्यांदाच स्ट्रोक येत असल्याचं तिच्यात दिसलं. त्यातले जवळजवळ 30 टक्के रुग्ण 28 दिवसांच्या आत दगावले.

हा फक्त शहरांचा आजार आहे असंही समजू नका. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण स्ट्रोक निघालं, एकूण मृत्यूंपैकी 14.3 टक्के. जंगलातल्या गावांची ही गत, तर सुकी मासळी, लोणचं, मिश्री आणि न तपासलेलं बीपी असलेल्या आपल्या किनाऱ्याने बेफिकीर राहावं असं काहीच नाही.

मुंबईच्या आकड्याची दुसरी बाजूही पाहू. पहिल्या महिन्यात दहातले तीन गेले, म्हणजे सात वाचले. त्या सातांचं पुढे काय झालं, हा प्रश्न आपण फारसा विचारतच नाही. जान बचली, अल्हमदुलिल्लाह, इथे विषय संपतो. रुग्णाचा विषय मात्र तिथूनच सुरू होतो. स्वतःच्या हाताने घास घेता येईल का, वजू करता येईल का, बाथरूमला एकट्याने जाता येईल का, यावर त्याची आणि घरच्यांची पुढची दहा-वीस वर्षं अवलंबून असतात.

मेंदू पुन्हा शिकतो, पण सरावाने

स्ट्रोकमध्ये मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो किंवा तिथे रक्तस्राव होतो. त्या भागातल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र आजूबाजूचे भाग हळूहळू त्यांचं काम उचलायला शिकतात. हात हलतो तो या शिकण्यामुळे.

आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला परकी वाटत नाही. पाढे एकदा ऐकून पाठ होत नाहीत. हिफ्ज करणारं मूल तोच सबक किती वेळा म्हणतं आणि मागचा पारा विसरू नये म्हणून किती वेळा दौर करतं, हे आपण घरात पाहतो. हाताचंही तसंच आहे. ग्लास उचलायला शिकायचं तर ग्लासच उचलावा लागतो, आणि तोही शेकडो वेळा.

आता प्रत्यक्षात किती सराव होतो ते पाहा. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फिजिओथेरपीची 312 सत्रं मोजून पाहिली. त्यातल्या साधारण निम्म्याच सत्रांत हाताने उपयोगाचं काम करण्याचा सराव होता, आणि तिथेही सरासरी फक्त 32 वेळा. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले, तिथे रोज शेकडो वेळा हालचाल करून घेतली जाते. श्रीमंत देशाची ही स्थिती असेल, तर आठवड्यातून एकदा एसटीने तालुक्याला जाणाऱ्या रुग्णाची काय असेल?

दुसरी महत्त्वाची गोष्ट अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी पुढे आणली. लुळा हात वापरायला त्रास होतो म्हणून रुग्ण सगळं चांगल्या हाताने करतो, आणि काही दिवसांत लुळा हात वापरायचाच नसतो अशी सवय लागते. म्हणजे हातात थोडी ताकद परत आली तरी तो मांडीवर पडूनच राहतो. यावर उपाय म्हणून चांगल्या हाताला मोजा घालून बांधून ठेवायचा आणि कमजोर हाताकडून काम करून घ्यायचं. 2006 साली 222 रुग्णांवर झालेल्या 'एक्साइट' चाचणीत ही पद्धत दोन आठवडे वापरली आणि तिचा फायदा वर्षभरानंतरही टिकला. हातात थोडी तरी हालचाल शिल्लक असलेल्या रुग्णांसाठीच ती आहे, हे लक्षात ठेवावं.

आपल्या घरांत नेमकं उलटं होतं. सून पाणी तोंडाशी धरते, नात बटणं लावते, बीबी घास भरवते. हे सगळं मोहब्बतीने होतं. पण त्यात रुग्णाच्या हाताला मिळणारा सराव बुडतो.

वेळ कोणती?

इथे दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक म्हणजे घाई. 2015 साली 2,104 रुग्णांवरच्या 'अॅव्हर्ट' या आंतरराष्ट्रीय चाचणीत स्ट्रोकनंतर 24 तासांच्या आत जोरात उठवणं-चालवणं सुरू केलं, तर नेहमीच्या पद्धतीपेक्षा परिणाम थोडे वाईटच आले. म्हणून पहिल्या दिवशी "उठवा, चालवा" असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. ते डॉक्टरांना ठरवू द्यावं.

दुसरं टोक म्हणजे "आधी पूर्ण आराम, मग बघू." 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 72 रुग्णांना नेहमीच्या उपचारांशिवाय हाताचा 20 तास जादा सराव वेगवेगळ्या टप्प्यांवर दिला. सर्वांत जास्त फायदा झाला तो स्ट्रोकनंतर दोन ते तीन महिन्यांच्या टप्प्यात. सहा महिन्यांनंतर तेवढ्याच 20 तासांनी काही फरक दिसला नाही.

मग सहा महिन्यांनी दार बंद होतं का? नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या केंद्रात जुन्या रुग्णांना तीन आठवड्यांत 90 तास हाताचा सराव देतात. तिथल्या 224 रुग्णांची माहिती 2019 साली आली आणि त्यांच्यात चांगली सुधारणा दिसली. म्हणजे उशीर झाला तर मेहनत कितीतरी जास्त लागते, पण आशा सोडायची नसते. आपल्याकडे मात्र ते पहिले तीन महिने कुठे जातात? तेल-मालिश, ताईत, कुणी सांगितलं म्हणून कबुतराचं रक्त. मालिशने अंग मोकळं वाटेल, दुआने मनाला सुकून मिळेल, त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र ताईत किंवा कबुतराचं रक्त व्यायामाची जागा घेऊ शकत नाही, आणि गेलेले तीन महिने परत येत नाहीत.

मशीन आणि गोळीची भुरळ

बाहेरगावी कमावणारा मुलगा साहजिकच विचारतो, "भारीतलं मशीन कुठे आहे? पैशाचं बघतो मी." त्याच्या भावनेचा आदर ठेवून संशोधन काय सांगतं ते पाहू. ब्रिटनमध्ये 770 रुग्णांवर हाताच्या रोबोटची चाचणी झाली. 2019 साली निकाल आला : नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत रोबोटने हाताच्या कामात सुधारणा झाली नाही. चालण्याबद्दल 2011 साली अमेरिकेत 408 रुग्णांची चाचणी झाली. एका बाजूला शरीराला वरून आधार देणाऱ्या ट्रेडमिलवरचा सराव, दुसऱ्या बाजूला फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करून घेतलेला व्यायाम. वर्षअखेर दोन्हीकडे सुधारणा सारखीच होती.

गोळीचंही तसंच. फ्लुओक्सेटिन या औषधाने हातपाय लवकर सुधारतात अशी आशा 2011 च्या एका छोट्या चाचणीतून निर्माण झाली होती. 2019 साली 3,127 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत तो फायदा दिसला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. नैराश्यासाठी डॉक्टरांनी हेच औषध दिलं असेल तर ते मनाने बंद करू नये, तो वेगळा विषय आहे.

ट्रेडमिलच्या चाचणीतला एक तपशील आपल्यासाठी फार मोलाचा आहे. महागड्या यंत्राच्या बरोबरीला उतरला तो घरातलाच व्यायाम. पण करून घेणारा माणूस प्रशिक्षित होता.

मग घरच्यांनी केलं तर?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. भारतात फिजिओथेरपिस्ट कमी, घरात माणसं भरपूर. मग घरच्यांनाच शिकवलं तर? हा विचार तपासण्यासाठी आपल्या देशातल्या 14 रुग्णालयांत 'अटेंड' नावाची चाचणी झाली. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जयराज पांडियन हे तिच्या प्रमुखांपैकी एक. 1,250 रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांच्या घरातल्या एका माणसाला रुग्णालयातच व्यायाम, उठवणं-बसवणं, रोजच्या कामांचा सराव कसा घ्यायचा ते शिकवलं, आणि घरी गेल्यावरही काही आठवडे पाठपुरावा ठेवला.

2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. सहा महिन्यांनंतर मृत्यू आलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेले रुग्ण एका गटात 47 टक्के, आणि दुसऱ्या गटातही 47 टक्के. काहीच फरक नाही.

हा निकाल कडू आहे, पण तो नीट वाचायला हवा. घरच्यांची खिदमत वाया जाते असं तो म्हणत नाही. घरच्यांशिवाय रुग्ण जगूच शकत नाही. तो एवढंच सांगतो की थोडं शिकवून सगळा भार घरच्यांवर टाकला, तर त्याने रुग्ण जास्त बरे होत नाहीत. संशोधकांनी स्वतः निष्कर्ष काढला की कुटुंबावर काम ढकलणाऱ्या नव्या सेवांवर पैसा घालण्याला या निकालाचा आधार मिळत नाही. प्रशिक्षित आरोग्य सहायक किंवा गावपातळीवर काम करणाऱ्या टीमचा मार्ग तपासून पाहावा.

म्हणजे "घरी व्यायाम करून घ्या" हे वाक्य सल्ला म्हणून चूक नाही. पण तेवढ्यावर आरोग्यव्यवस्थेने हात झटकले, तर ते चूक आहे.

शिवाय हे "घरचे" म्हणजे नेमकं कोण, हेही स्पष्ट बोलायला हवं. मुलगा कुवेत, कतार किंवा मुंबईला. घरात उरते ती बीबी, जी स्वतः साठीची आणि गुडघ्यांनी बेजार, किंवा सून, आणि पुष्कळदा शाळेत जाणारी नात. दादा किंवा नाना आजारी पडले की वर्गातली मुलगी आधी उशिरा येऊ लागते, मग आठवड्यातून दोन दिवस येत नाही. कारण विचारलं तर "घरी माणूस आहे" एवढंच उत्तर मिळतं. फालिजची किंमत अशा घरांत दोन पिढ्या चुकवतात.

हेदवीपासून किती लांब?

आता हे सगळं गुहागर तालुक्यातल्या हेदवीच्या जागी उभं राहून पाहा. बाहेरच्यांना हेदवी दशभुज गणेशाच्या मंदिरामुळे आणि बामणघळीमुळे माहीत आहे. इथे राहणाऱ्यांना माहीत आहेत इथली अंतरं. चिपळूण सुमारे 50 किलोमीटर, रस्ता वळणांचा आणि चढ-उतारांचा. सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय त्याच्याही पुढे. रत्नागिरीला जायचं तर तवसाळहून जयगडची फेरी. अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा एवढा प्रवास कोण करवेल? एका दिवसाची रिक्षा किंवा गाडी, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, आणि तिथे मिळणारी अर्ध्या-पाऊण तासाची फिजिओथेरपी. दोन-तीन फेऱ्यांनंतर बहुतेक घरं थांबतात. यात त्यांचा आळस नाही.

मुंबईत हाजी अलीला दर्ग्याजवळ 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था. ज्यांचे नातेवाईक मुंबईत आहेत, त्यांनी तिथे एकदा तपासणी करून सरावाचा आराखडा घेऊन यावा, हे चांगलंच. पण गावातल्या माणसाचं पुनर्वसन मुंबईत पूर्ण होत नाही. ते त्याच्या स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या न्हाणीघरात आणि स्वतःच्या उंबऱ्यावर व्हायला हवं.

सरकारी योजनांचा भर रुग्णालयात दाखल असतानाच्या उपचारांवर आहे. घरी परतल्यानंतरच्या सहा महिन्यांचा वाली कुणी नाही. जागतिक आरोग्य सभेने मे 2023 मध्ये पुनर्वसन हा आरोग्यसेवेचा मूळ भाग मानावा, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यावा, असा ठराव केला. ठराव जिनिव्हात झाला. तो गुहागर तालुक्यात पोहोचायचा असेल तर इथून मागणी व्हायला हवी.

गाव आणि जमात काय करू शकते?

आपल्या जमाती आणि मुंबई-आखातातली मंडळं मदतीला कमी पडत नाहीत. ऑपरेशनसाठी, अॅम्ब्युलन्ससाठी रातोरात पैसे उभे राहतात. त्याच सवयीला थोडं वेगळं वळण द्यायला हवं.

पहिलं काम : हेदवी, वेळणेश्वर, पालशेत, तवसाळ या पट्ट्यातल्या गावांनी मिळून आठवड्यातून एक दिवस येणारा फिजिओथेरपिस्ट ठेवावा. एका गावाला परवडणार नाही, पाच-सहा गावांना परवडेल. हा आजार धर्म विचारून येत नाही, म्हणून ग्रामपंचायत आणि सगळ्या वाड्यांना सोबत घ्यावं. फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन रुग्ण पाहावा, पुढच्या आठवड्याचा सराव ठरवून द्यावा आणि मागच्या आठवड्याचा तपासावा. बाकीचे सहा दिवस घरच्यांनी तो सराव करून घ्यायचा आणि वहीत लिहायचा.

हिशेब करून पाहा. आठवड्याला तीन सत्रं, प्रत्येकी 32 वेळा हालचाल, बारा आठवडे : झाले 1,152. घरी सकाळी 100 आणि संध्याकाळी 100, असे बारा आठवड्यांचे 84 दिवस : होतात 16,800. एवढ्या आकड्याने हात बरा होईल अशी हमी कुणी देऊ शकत नाही, आणि प्रत्येक रुग्णाला एवढं झेपेलच असंही नाही. संख्या वाढवायची ती फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरूनच. पण सरावाची जागा घर आणि दिशा देणारा प्रशिक्षित माणूस, या जोडीशिवाय एवढा सराव शक्य नाही, हे या हिशेबातून दिसतं.

दुसरं काम : सराव रुग्णाच्या जगण्यातला असावा. रबरी बॉल दाबत बसण्यापेक्षा तांब्या धरणं, चमचा उचलणं, टोपी घालणं, तसबीहचे मणी सरकवणं, दाराची कडी काढणं. ज्या कामाची त्याला ओढ आहे, ते तो कंटाळा न करता पुन्हापुन्हा करतो.

तिसरं काम : काय करू नये ते घराघरात माहीत असावं. लुळ्या हाताला धरून ओढून उठवू नये, खांदा निखळतो. झोपलेल्या स्थितीत भरवू नये, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. एकाच कुशीवर तासन् तास ठेवू नये, जखमा होतात. गप्प बसून राहतो, रडतो, चिडतो म्हणून त्याला रागावू नये. स्ट्रोकनंतर नैराश्य येतं, आणि त्याला इलाज आहे.

चौथं काम : बीपी-शुगरच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. दुसरा झटका आला तर सगळी मेहनत पाण्यात जाते. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, रोजे ठेवायचे का, हे आधीच डॉक्टरांना विचारावं.

पाचवं काम : कागदपत्रं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हाता-पायांच्या हालचालींचं अपंगत्व येतं. 40 टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड असेल तर सवलती आणि योजनांचा रस्ता खुला होतो. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या तरुणांनी असे अर्ज भरून देणं, ही मोठी खिदमत ठरेल.

आणि मागणी सरकारकडे : गुहागरच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपीची सेवा नियमित मिळावी, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्टने गावांत फिरावं. ग्रामसभेत हा ठराव मांडायला पैसे लागत नाहीत.

शेवटची गोष्ट सगळ्यांनी पाठ करून ठेवावी. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर लिंबू-पाणी नाही, झोपून बघू नाही. ताबडतोब 108 ला फोन. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. हेदवीसारख्या गावातून निघायचं तर त्यातला मोठा वेळ रस्त्यातच जातो. किती वाजता त्रास सुरू झाला ते घड्याळ पाहून लिहून ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

आपल्या पुढच्या जमात बैठकीत छताचा, रंगाचा, कब्रस्तानच्या कुंपणाचा विषय निघेल तेव्हा हा विषयही कागदावर यावा : आपल्या गावात फालिजचे किती रुग्ण आहेत, आणि त्यांच्याकडे शेवटचा प्रशिक्षित माणूस कधी आला होता? यादी करायला एक जुम्मा पुरेल.